लाकडाचं लुगडं

लग्न होऊन मी केदारखेड्याला आले तेव्हा आमचे मास्तर कच्चे होते. तब्येत ठणठणीत होती, कच्ची होती ती नोकरी. शाळेत दोन तऱ्हेचे मास्तर असत, पक्के आणि कच्चे. पक्क्याला कुणी हलवू शकत नसे आणि कच्चा कधी घरी जाईल त्याचा नेम नसे. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीत ‘मुलगा सरकारी मास्तर आहे’ एवढंच ठासून सांगितलं गेलं, आणि माझ्या वडिलांनी सुपारी फोडली.

मास्तरांचं नाव मी इथं घेणार नाही. जन्मभर घेतलं नाही, आता म्हातारपणी कशाला घेऊ?

सासर खरं धावड्याचं. तिथं घरभर जावा आणि चूल एक, आणि त्या चुलीवर सासूबाईंचा पहारा. भाजीत मीठ किती पडायचं ते त्या ठरवीत, आणि जास्त पडलं की ते मी टाकलेलं असे. केदारखेड्यात मात्र शाळेला लागून दीड खोली मिळाली आणि तिच्या कोपऱ्यात मी माझ्या हातानं चूल घातली. पहिल्या दिवशी आमटी खारट झाली, तर मी ती कौतुकानं दोनदा वाढून घेतली. माझी चूल, माझं मीठ. मास्तर पक्के झाले नाहीत तर ही चूल मोडून मला धावड्याला जावं लागणार होतं. तेव्हा त्यांनी पक्कं व्हावं अशी तळमळ त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती. त्यांना काय, त्यांना आईच्या हातची भाजी आवडायचीच.

अशात जालन्याहून निरोप आला. मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, येणार. वर्गात बसून मास्तरांचा एक धडा ऐकणार. पसंत पडला तर मास्तर पक्के, नाही पडला तर रामराम. आणि धडा उर्दूतून द्यायचा. राज्य निजामाचं, त्यामुळे वरच्या वर्गांना सगळं शिकवणं उर्दूतूनच चाले. मास्तरांची उर्दूशी ओळख होती, पण ती जत्रेत भेटलेल्या माणसाशी असते तेवढी. चेहरा पटायचा, नाव आठवायचं नाही.

धडाही वरूनच नेमून आला होता. भूगोलाचा. दोन मुलुखांची तुलना करायची, स्वीडन आणि कॅनडा, आणि कशाची तुलना? मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं आणि वाचून दाखवलं, “लकडी की लुगडी.”

मी भाकरी थापत होते. थांबले.

“काय म्हणलात?”

“लाकडाची लुगडी. दोन्ही मुलखांत किती बनत्यात, आधी किती बनायची, आन् आता किती बनून राह्यली. त्याचा मुवाजना करायचाय. म्हंजी तुलना.”

“लाकडाची लुगडी?”

“पुस्तकात लिव्हलंय.”

पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर आमच्या घरात बोलणं संपत असे. मास्तरांचा छापील अक्षरावर फार विश्वास. माझा नव्हता, पण मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पोटात मात्र हसू उकळत होतं आणि भाकरी वाकडी झाली.

त्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. रोज सकाळी मी चुलीपुढं, मास्तर उंबऱ्यात उभे. मी मोहतमीम साहेब. माझ्या डोक्याला मास्तरांचा रुमाल गुंडाळलेला, कारण त्याशिवाय त्यांना धाक वाटत नव्हता. ते उर्दूतून दोन वाक्यं बोलत आणि तिसऱ्याला अडखळले की मराठीत मला समजावून सांगत. पुस्तकाचं म्हणणं असं, की आधी स्वीडन पुढं होता. तिथं जंगलं दाट, नद्या जोरकस, कारखाने जुने. मग कॅनडा उठला. त्याची जंगलं त्याहून मोठी. बघता बघता तो स्वीडनच्या बरोबरीला आला, आणि मग पुढं निघून गेला.

हे वर्गात डोळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून मास्तरांनी परसात गोवऱ्यांच्या दोन राशी रचल्या. एक स्वीडन, एक कॅनडा. ‘आधी’ म्हटलं की स्वीडनची रास उंच, ‘आता’ म्हटलं की तीन-चार गोवऱ्या इकडच्या तिकडं करून कॅनडाची उंच. मी पहिल्यापासून स्वीडनच्या बाजूची होते. मागं पडलेल्याची दया यायची म्हणा, किंवा मास्तर कॅनडाच्या बाजूचे होते म्हणून म्हणा.

एका सकाळी ते परसातून ओरडले, “अगं, स्वीडन एवढा कमी कसा झाला?”

“सैपाक झाला न्हाई का त्याच्यावर!” मी म्हटलं. “कॅनडा ओला हाय, धूर करतो.”

मास्तर चिडले की त्यांचे कान आधी लाल होत. ते तसेच लाल कान घेऊन शाळेत गेले.

मोहतमीम साहेब म्हणून मी प्रश्नही विचारायची. ते अवघड असायचे. लाकडाचं लुगडं पावसात दारासारखं फुगतं का? वाळवी लागली तर काय करायचं? नेसून चुलीपुढं बसलं तर? मास्तर विचारात पडायचे. फुगत नसावं, तिथं तेल देत असतील. वाळवी नसेल, थंड मुलूख आहे. चुलीचं मात्र त्यांना काही सुचेना. “त्या बायका चुलीपुढं लांबून बसत असत्याल,” असं त्यांनी शेवटी सांगितलं आणि स्वतःच खाली बघितलं. मला इतकं हसू आलं की रुमाल सुटून पिठात पडला.

पण एकदा त्यांनी गंभीर होऊन सांगितलं, “हसू नको. मी पक्का झालो ना, तर जालन्याच्या बाजारातून तुला लाकडाचं लुगडं आणीन. कुठं मिळंल तिथून आणीन.” ते इतक्या मनापासून बोलले की मला एकदम त्यांच्याबद्दल माया दाटून आली. त्या दिवशी मी साहेबाचा प्रश्न विचारला नाही. दोन गोवऱ्याही आपण होऊन कॅनडाला दिल्या.

ही गोष्ट घरात राहणं शक्यच नव्हतं. पूर्णेवर धुणं धुताना मी एकीला सांगितली, आणि धुणं पिळून होईपर्यंत ती सगळ्या घाटावर झाली. बायकांनी ती माझ्यासारखी हसण्यावारी नेली नाही. त्यांनी तिच्यात अर्थ शोधला आणि त्यांना तो लगेच सापडला.

“कॅनडा म्हंजी कानडी मुलूखच की,” पाटलाची बायको म्हणाली. “इरकली लुगडी कुठून येत्यात? तिथूनच.”

“आन् दुसरं कोणतं म्हणलीस? सुईडन?” दुसरी म्हणाली. “नावातच सुई हाय. तिथं लुगडी व्हणार न्हाई तर काय नांगर व्हणार?”

यावर घाटाचे दोन तट पडले. इरकल नेसणाऱ्या सगळ्या कॅनडाच्या झाल्या. ज्यांना इरकल परवडत नव्हतं त्या माझ्याबरोबर स्वीडनला आल्या. एक म्हातारी कुठल्याच बाजूला गेली नाही. ती म्हणाली, “बायांनो, बसताना झिलपी रुतंल. मी न्हाई नेसायची.” मी मास्तरांना हे सांगितलं तर त्यांनी ते मनावर घेतलं आणि ‘रंधा मारून गुळगुळीत करतात’ असं एक वाक्य धड्यात घालायचं ठरवलं.

मोहतमीम साहेब यायचे त्या दिवशी मास्तरांनी कोट घातला, टोपी झटकली, आणि गोवऱ्या घमेल्यात भरून शाळेत नेल्या. जाताना देवाला हात जोडले, मग मलाही जोडल्यासारखे केले. “आज काय व्हायचं ते होऊ दे,” म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. इतके दिवस मी थट्टा करत होते, आणि आता चुलीकडं बघितलं तर ती उद्या इथं असेल की नाही कोण जाणे.

मन रमवायला म्हणून मी टोपल्यांचं काम काढलं. आमच्याकडं भाकरी ठेवायला, पीठ ठेवायला कागदाच्या टोपल्या करत. रद्दी भिजत घालायची, कुजली की उखळात कुटायची, भिजवून वाटलेली मेथी घालायची, आणि तो लगदा पालथ्या भांड्यावर थापून वाळवायचा. वाळला की टोपली सुटून येते. मास्तराच्या घरात रद्दीला तोटा नसतो. पोरांचे जुने पर्चे, फाटके नकाशे, सगळं माझ्या घंगाळात पडलेलं होतं.

मी लगदा मळत बसले होते तेवढ्यात शेजारच्या खाला आल्या. त्यांच्या घरी उर्दू बोलत, म्हणजे आपली इकडची दख्खनी, आणि आमचं बोलणं अर्धं त्यांचं, अर्धं माझं असं चाले. त्यांनी घंगाळात बोट घालून चिमटीत घेतलं, चोळून बघितलं.

“लुगदी तो एकदम बारीक हुई गे,” त्या म्हणाल्या. “मेथी डाली क्या?”

माझे हात थांबले.

“काय म्हणलात, खाला?”

“मेथी डाली क्या बोली.”

“त्याच्या आधी.”

“लुगदी. ये. तुम लोगां क्या बोलते इसकू?”

“लगदा.”

“वइच तो. तुमारा लगदा, हमारी लुगदी.”

मी त्या घंगाळाकडं बघत राहिले. लकडी की लुगदी. लाकडाचा लगदा! स्वीडन लुगडी करत नव्हता, कॅनडा लुगडी करत नव्हता. दोघं मिळून माझ्यासारखे लगदा कुटत बसले होते, आणि त्याचे कागद होत होते. आणि त्या घटकेला माझा नवरा भिंतीपलीकडं मोठ्या साहेबासमोर, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या लुगड्यांबद्दल बोलणार होता.

मी उठले ती पळालेच. हात धुवायचंही सुचलं नाही. एका मुठीत लगद्याचा गोळा तसाच होता. खाला मागून “अगे क्या हुवा?” म्हणत राहिल्या.

शाळेच्या मागच्या अंगाला एक खिडकी होती. तिच्याशी उभी राहिले. आत पोरं रांगेत बसलेली, मोहतमीम साहेब खुर्चीवर, शेरवानी, पांढरी दाढी, डोळे मिटलेले. झोपले होते की ऐकत होते कळत नव्हतं. मास्तर गोवऱ्यांपाशी उभे राहून सांगत होते, “पहले स्वीडन की लुगडी जास्ती थी, हुजूर. बाद में कनाडा की लुगडी जास्ती हुई.” आवाज कापत होता, पण गाडी चालू होती. रंध्याचं वाक्य अजून यायचं होतं.

मी खिडकीतून हात वर केला आणि लगद्याचा गोळा त्यांना दिसेल असा हलवला. तोंडानं बिनआवाजाचं म्हटलं, हे, हे, हे! मोठ्या माणसासमोर डोक्यावरचा पदर घसरायला लागला म्हणून दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला आणि त्या घाईत तोही हलला. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. गोळा त्यांना दिसला नाही. पदर दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम धीर आला, आणि त्यांनी मान हलवली. हो हो, लुगड्याचंच सांगतोय.

मी कपाळावर हात मारला. लगद्याचा हात होता, कपाळभर मेथी झाली.

तेवढ्यात साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी पोरांकडं वळून विचारलं, “अच्छा बच्चो, ये बताओ, इस लुगदी से क्या बनता है?”

कुठल्याही वर्गात याचं उत्तर एकच. कागज. पण आमच्या पोरांनी साहेबाचा ‘द’ ऐकलाच नाही. मास्तर वर्गातही तालीम घेत, त्यामुळे ते महिनाभर लुगडीच ऐकत आलेले. आणि लुगड्यापासून काय बनतं हे इकडच्या कुठल्या पोराला माहीत नसतं? अख्खा वर्ग एका सुरात ओरडला,

“गोधडी!”

मास्तरांचा चेहरा खुलला. पोरांनी लाज राखली असं त्यांना वाटलं.

साहेबांना मराठी येत नव्हती. “गोदडी? ये क्या चीज है?” त्यांनी मास्तरांना विचारलं.

“हुजूर, कपडा है,” मास्तर म्हणाले. “ओढने का कपडा.”

“लकडी की लुगदी से कपडा?”

“जी हुजूर. वहाँ की औरतां पहनती भी हैं.”

साहेब मास्तरांकडं बघत राहिले. मी खिडकीत डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात चुलीवरची भांडी उतरवायला लागले. तवा, परात, काथवट. धावड्याला जाणारी बैलगाडी मला समोर उभी दिसत होती. सासूबाई दारात उभ्या, हातात मिठाची वाटी.

“वाह!” साहेब म्हणाले.

मी डोळे उघडले. साहेब खुर्चीतून उठले होते.

“वाह, मास्टर साहब! मसनूई रेशम! जहाँ जाता हूँ, बच्चे कागज, कागज चिल्लाते हैं. आज पहली बार किसी ने रेशम की बात की. मैंने खुद अभी-अभी पढा है कि विलायत में लकडी की लुगदी से नकली रेशम बनाते हैं. और इस देहात के बच्चे जानते हैं!”

मास्तरांना यातलं नकली रेशम तेवढं कळलं. पण शाबासकी कुठल्याही भाषेत कळते. त्यांनी वाकून सलाम केला. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाताना एवढंच सांगितलं, की तुमचा उच्चार जरा कडक आहे, गावाकडचा आहे, पण माहिती अगदी ताजी आहे. पक्के झाल्याचा हुकूम जालन्याहून येईल, काळजी करू नका.

मास्तर घरी आले ते जमिनीवरून चालतच नव्हते. “झालो पक्का!” म्हणाले. “तू अगदी वख्ताला पदर हलवलास बघ. माझा जीव गेल्ता, पण तुला बघितलं आन् धीर आला.”

सांगू का नको असं मला झालं. पण माझ्यानं गोष्ट पोटात राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी घंगाळ त्यांच्यापुढं ओढलं.

“हे काय हाय?”

“लगदा.”

“खालांच्या बोलीत काय म्हणत्यात याला, माहीत हाय?” आणि मग मी सगळं सांगितलं.

त्यांचा विश्वास बसेना. पुस्तकात लिव्हलंय, म्हणाले. पुस्तक आणलं, उजेडात धरलं. उर्दूत ‘द’ला डोक्यावर एक बारीक खूण दिली की त्याचा ‘ड’ होतो. त्या ‘लुगदी’च्या ‘द’वर खरंच एक काळा ठिपका होता. मास्तरांनी तो नखानं खरवडला. ठिपका निघून आला. तो छापलेला नव्हताच. कुठल्यातरी माशीनं तिथं बसून आपला कार्यभाग उरकला होता. कुठं माशी शिंकली असं आपण म्हणतो, पण ती शिंक नखावर घेऊन बघितलेली माणसं आम्ही दोघंच असू.

मास्तरांनी नख डोळ्यांजवळ नेलं. कान लाल झालेले. मला वाटलं आता रागावतील. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि ते असे हसले, असे हसले, की खाला बघायला आल्या. त्यांना काय झालं ते सांगितलं तर त्याही खाली बसल्या. “या अल्ला, माशी ने मास्टर कू पक्का किया!” असं म्हणून त्या डोळे पुसत राहिल्या.

हुकूम आला. चूल राहिली. मी तिला नव्यानं सारवलं.

आणि मास्तर दिलेला शब्द विसरले नाहीत. आता तर त्यांना जोरच चढला होता, कारण लाकडाचं लुगडं असतं असं खुद्द साहेबांनी सांगितलं होतं. आम्ही जालन्याला गेलो. पहिल्या दुकानात त्यांनी “लाकडाचं लुगडं हाय का?” विचारलं, तर दुकानदारानं त्यांना सुताराचा पत्ता सांगितला. दुसऱ्या दुकानात मास्तर शहाणे झाले आणि त्यांनी नकली रेशीम मागितलं. दुकानदारानं एक अंजिरी ठाण सोडलं. असा झुळझुळ कपडा मी आयुष्यात बघितला नव्हता. उजेड त्याच्यावरून घसरत होता. ठाणातून नऊ वार फाडून घेतले.

“कुठला माल हाय?” मास्तरांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. “स्वीडनचा की कॅनडाचा?”

“जपानी आहे साहेब.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दोन मुलखांवरून महिनाभर भांडलो, गोवऱ्या इकडच्या तिकडं केल्या, आणि लुगडं नेऊन दिलं तिसऱ्यानंच. पण मास्तर सहजासहजी हार मानणारे नव्हते. जपानला लगदा कुणीतरी विकला असेल ना, ते म्हणाले, आणि तो कॅनडानंच विकला असणार. मी म्हटलं स्वीडननं. केदारखेडा येईपर्यंत हे चाललं होतं.

ते लुगडं नेसून मी पाडव्याला बाहेर पडले तेव्हा सगळी आळी दारात आली. बायकांनी हात लावून बघितलं, झिलपी शोधली. इरकलवाल्यांची तोंडं जरा बारीक झाली. झिलपीवाली म्हातारी सुद्धा “लई मऊ गं,” म्हणाली. मी दिवसभर कारण नसताना चार घरी जाऊन आले. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लग्नाच्या शालूचाही झाला नव्हता.

दुकानदारानं हलक्या हातानं धुवा असं सांगितलं होतं. पण माझा हात धावड्याचा. सासूबाईंनी शिकवलेलं धुणं म्हणजे आधी दगड, मग धोपटणं, मग पुन्हा दगड. पूर्णेवर नेलं, भिजवलं, आणि सवयीनं हाणलं. नकली रेशमाला कोरडं असेपर्यंत सगळा तोरा, ओलं झालं की अंगात जीव नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दणक्याला कड सुटली. मी घाबरून पिळायला गेले तर मधोमध फाटलं, आणि जितकं सावरायला गेले तितकं हातात येत गेलं. कॅनडावाल्या सुद्धा हसल्या नाहीत.

बादलीत चिंध्या घेऊन मी घरी आले. रडू आवरत नव्हतं. पक्क्या नोकरीची पहिली वस्तू, त्यांनी एवढ्या हौसेनं आणलेली, आणि मी ती दगडावर आपटून मारली होती. मास्तर ओट्यावर बसले होते. मी बादली त्यांच्यापुढं ठेवली आणि पदरात तोंड घातलं.

त्यांनी बादलीत हात घातला. अंजिरी चोथा बोटांवर घेतला, चोळला, निरखून बघितला. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

“लुगदी.”

‘द’ अगदी स्वच्छ. पहिल्यांदाच.

“आता बराबर म्हणलात,” मी म्हटलं, आणि रडता रडता मला हसू फुटलं.

ती बादली मी वाया घालवली नाही. उखळात कागदाबरोबर ते अंजिरी लुगडंही कुटलं, मेथी जास्त घातली, आणि मोठ्या हंड्यावर टोपली थापली. वाळल्यावर तिला एक लालसर चकाकी आली. भाकरी ठेवायला मी तीच वापरली, आणि तिला आमच्या घरात ‘लुगडं’च म्हणत. “लुगड्यातली भाकर दे,” असं मास्तर म्हणाले की नवखे पाहुणे चपापायचे.

पुढं निजामी गेली. वरच्या वर्गांतलं उर्दू शिकवणं गेलं, आणि भूगोल मराठीतून आला. मास्तरांनी इतकी वर्षं घासून पुसून लख्ख केलेली उर्दू एका दिवसात बिनकामाची झाली, पण सगळे आनंदात होते आणि तेही होते. एकदा दुपारी ते शाळेतून आले आणि टोपी खुंटीला न लावता तसेच पाटावर बसले. मी ताट केलं.

“आज तो धडा घेतला,” ते म्हणाले. “स्वीडन आन् कॅनडा. लाकडाचा लगदा. मराठीत.”

“मंग?”

“मंग काय. समद्या पोरांना पहिल्या फटक्यात कळलं.”

“बरं झालं की.”

“बरंच झालं.” त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. “पण एकानं सुदिक विचारलं न्हाई, पावसात फुगतं का म्हणून.”

चुलीवर आमटी रटरटत होती. मी ती लालसर टोपली त्यांच्यापुढं सरकवली.

“घ्या भाकर,” मी म्हटलं. “कॅनडातली.”

मास्तरांनी टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं.

“स्वीडनमधली,” ते म्हणाले, आणि भाकरी काढून घेतली.